फर्लो

वर्तमानपत्रात ‘फर्लो’ हा शब्द आला की पाठोपाठ कैद्याचं नाव येतं. अमका फर्लोवर सुटला, तमका फर्लोवरून परतलाच नाही, तिसऱ्याचा अर्ज फेटाळला. या फर्लोची सरकारी नियमावलीसुद्धा आहे, पार १९५९पासून. त्यामुळे सहा महिन्यांनी नवापूरला परत आल्यावर ज्येष्ठांच्या कट्ट्यावर कुणी विचारलं, “मास्तर, होतात कुठे इतके दिवस?” आणि मी सांगितलं, “फर्लोवर होतो,” तेव्हा शेजारी बसलेले निवृत्त हवालदार सवयीने उठून उभे राहिले.

माझा दोष नाही. हा शब्द मी तुरुंगाकडून शिकलो नाही, मिशनच्या बंगल्याकडून शिकलो.

गोष्ट १९६५-६६च्या आसपासची. तेव्हा नंदुरबार जिल्हा अस्तित्वात नव्हता. तो झाला १ जुलै १९९८ला. आम्ही धुळे जिल्ह्यातले, आणि जुनी माणसं तर ‘पश्चिम खानदेश’च म्हणायची. त्याआधी मुंबई राज्य होतं, ते मोडून १ मे १९६०ला दोन राज्यं झाली, आणि हद्दीची रेघ नवापूरच्या स्टेशनातूनच गेली. तिकिटाची खिडकी महाराष्ट्रात, स्टेशनमास्तरांची कचेरी गुजरातेत. फलाटावरच्या एका बाकाची तर वाटणी होऊन बसली आहे. नवरा-बायको शेजारी बसले तरी दोघं दोन राज्यांत. आमच्या घरी भांडण झालं की ही अजूनही म्हणते, “मी गुजरातेत बसते.”

तर या नवापूर तालुक्यात, चिंचपाड्याच्या बाजूला, मिशनची वस्ती होती. उंच जोतं, कौलारू छप्पर, चहूबाजूंनी ओटा आणि दारात गुलमोहर. त्यात साहेब आणि मडमसाहेब राहायचे. दोघंही साठीला टेकलेले. नावं सांगत नाही. त्यांची नातवंडं कुठेतरी असतील आणि आजीआजोबांवर विनोदी लेख आलेला कुणाला आवडतो? माझे वडील गावच्या शाळेत मराठीचे मास्तर, आणि संध्याकाळी साहेबांचे ‘पंडित’. म्हणजे साहेबांनी रविवारसाठी लिहिलेलं मराठी ते शनिवारी तपासून द्यायचे. मी दप्तर सांभाळायला सोबत जायचो, असं घरी सांगत असू. खरं कारण बिस्किटं.

मिशनऱ्यांनी इथे काय चांगलं केलं आणि काय वाईट, यावर वाद घालायला आमच्या जिल्ह्यात माणसांची टंचाई नाही. तो वाद त्यांच्यावर सोपवतो. मला त्या दोघांच्या सामानाविषयी आणि सुट्टीविषयी बोलायचं आहे, कारण साठ वर्षांनी तेच सामान आणि तीच सुट्टी आमच्या वाट्याला आली.

हे लोक आले कुठून? फ्रेडरिक फ्रान्सन नावाचा मूळचा स्वीडनचा एक गृहस्थ होता. त्याने १८९०मध्ये अमेरिकेत ‘स्कँडिनेव्हियन अलायन्स मिशन’ काढलं. पहिली माणसं चीनला धाडली आणि विसाव्या शतकाच्या सुरुवातीला त्यांतली काही शाखा-पानं आमच्या पश्चिम खानदेशात येऊन टेकली. खुद्द स्वीडनहून आलेलं वेगळं मिशनही इकडे होतंच. फ्रान्सन स्वतः जन्मभर अविवाहित राहिला. मला हे कळल्यावर पुष्कळ गोष्टींचा उलगडा झाला. स्वतःचं लग्न न झालेला माणूसच इतरांच्या बायकांना बर्फातून उचलून चव्वेचाळीस अंशांत पाठवायचं इतक्या शांतपणे ठरवू शकतो.

आल्याबरोबर मराठी शिकायची आणि परीक्षा द्यायची, असा त्यांचा दंडक. साहेब ती उत्तम गुणांनी पास झालेले. पंचाईत अशी, की ते जी मराठी शिकून आले ती आमच्याकडे बोलतो कोण? बंगल्याबाहेर पाऊल टाकलं की मावची. बाजारात गुजराती. शहाद्याकडून पाहुणा आला तर अहिराणी, धडगावकडचा मजूर आला तर पावरी, आणि रेल्वेच्या हद्दीत हिंदी. साहेबांची छापील मराठी समजणारी माणसं आसपास मोजून तीन: माझे वडील, पोस्टमास्तर आणि स्वतः साहेब. ते खानसाम्याला म्हणायचे, “उद्या प्रातःकाळी आपणांस अंडी आणणे शक्य होईल काय?” खानसामा वडिलांना सांगायचा, “मास्तर, साहेबाचं इंग्रजी मला कळतं. मराठी तेवढं कळत नाही.” पुण्या-साताऱ्याहून बदली होऊन आलेल्या शिक्षकांची आजही हीच गत होते. पण ते निदान बदली रद्द करायला मंत्रालयात जाऊ शकतात. साहेबांचं मंत्रालय फार वर होतं.

दर पाच-सात वर्षांनी या जोडप्याला एक वर्षाची रजा मिळायची. तीच ही फर्लो. तिची वर्दी आधी सामानावरून लागायची. ओट्यावर पत्र्याच्या काळ्या ट्रंका येऊन बसायच्या, आणि ज्या घरी ट्रंका मांडल्या त्या घरी माणसं जमायला वेळ लागत नाही. ट्रंकांवर बोटीच्या कंपनीच्या मोठमोठ्या चिठ्ठ्या चिकटवलेल्या असत. प्रवासात लागणारी ट्रंक खोलीत, बाकीच्या बोटीच्या पोटात. त्या पोटात जाणाऱ्यांवर लिहिलेलं असे, ‘नॉट वाँटेड ऑन व्हॉयेज’. मी नुकताच इंग्रजी अक्षरं जुळवायला शिकलो होतो. वडिलांना अर्थ विचारला. ते म्हणाले, “प्रवासात नको असलेले.” बाजूला साहेब आणि मडमसाहेब उभे होते. मला कितीतरी दिवस वाटत होतं, की ती चिठ्ठी त्यांच्याविषयी आहे.

येताना त्या ट्रंकांतून जे निघायचं त्याची गावात महिनाभर चर्चा व्हायची. जेलीच्या पुड्या, ओट्सचे डबे, शिलाई मशीनचे सुटे भाग. आणि दरवेळी एका उंच डब्यातून तपकिरी लोण्यासारखं काहीतरी निघायचं. एकदा मडमसाहेबांनी ते पावाला लावून मला दिलं. मी घरी येऊन आईला सांगितलं, “अमेरिकेत शेंगदाण्याचा कूट ओला करून खातात.” आईला पटेना. भोवती भुईमुगाची शेतं असताना बाई सात समुद्र ओलांडून शेंगदाण्याचा डबा आणते, हे ती पुढे अनेक वर्षं लोकांना अमेरिकेच्या बुद्धीचा नमुना म्हणून सांगायची. आई आज असती तर सुनेने केलेलं सामान तिला दाखवलं असतं. त्याकडे येतोच.

निघायच्या दिवशी स्टेशनवर जत्रा असायची. नवापूरहून मुंबईला जायचं तर सुरतेला जाऊन मग खाली उतरायचं. म्हणजे महाराष्ट्राच्या राजधानीला गुजरातेतून जायचं. हा मार्ग अजून बदललेला नाही. लोक हार आणायचे, नारळ आणायचे. एकाने प्रेमाने जिवंत कोंबडी आणून मडमसाहेबांच्या हातात दिली. कोंबडी अमेरिकेला नेता येत नाही, हे सांगायला साहेबांची उत्तम गुणांची मराठी अपुरी पडली. गाडी हलली तेव्हा कोंबडी खिडकीशी होती. सुरतेच्या पुढचं मला ठाऊक नाही.

आम्हाला वाटायचं, चालले मजा मारायला. वर्षभराने परत यायचे तेव्हा दोघं जातानाहून थकलेले दिसायचे. त्याचा खुलासा साहेबांनी एकदा वडिलांजवळ केला. फर्लो म्हणजे आराम नव्हेच. गावोगावच्या चर्चमधून फिरायचं, भाषणं करायची, कंदिलाच्या यंत्रावर चित्रं दाखवायची आणि पुढच्या पाच वर्षांचे पैसे जमवायचे. रोज नव्या घरी पाहुणे, रोज नवा पलंग. साहेबांनी त्या वर्षात आमच्या गावची एकच बैलगाडी शंभरेक वेळा दाखवली. एके ठिकाणी काच उलटी बसली आणि बैल पाय आकाशाकडे करून भिंतीवर आले. लोकांनी हळहळून त्या दिवशी दुप्पट पैसे टाकले. त्यांना वाटलं दुष्काळ.

मडमसाहेबांची कथा कपड्यांची होती. तिकडच्या चर्चमधल्या बायका वापरून झालेले कपडे पिंपात भरून मिशनऱ्यांना पाठवायच्या. बाई ते इथे काटकसरीने वापरायच्या. तिकडे गेल्यावर एका प्रार्थनेला शेजारची बाई सारखी त्यांच्या कोटाकडे बघत राहिली. प्रार्थना संपल्यावर म्हणाली, “याच्या डाव्या खिशाला आतून भोक आहे ना?” कोट तिचाच होता.

आणि मुलं. आमच्याकडे जन्मलेली, मावची बोलणारी ही मुलं सहा-सात वर्षांची झाली की कोडाईकनालच्या शाळेत जायची. मिशनऱ्यांच्या मुलांसाठी १९०१मध्ये ती शाळा तिथे निघाली. पुढे कॉलेजला अमेरिकेत. मग त्यांची लग्नं, त्यांची मुलं, सगळं निळ्या एरोग्रामवर. मडमसाहेबांच्या टेबलावर नातवाचा फोटो होता. रजेवर गेल्या तेव्हा तो चार वर्षांचा होता. दारात आजीला बघून तो आईच्या मागे लपला, आणि सरावला तोपर्यंत यांची परतीची बोट लागली. हे सांगताना बाई हसत होत्या. माझी आई तेव्हा हसली नाही. मला त्यात हसण्यासारखं किंवा न हसण्यासारखं काय आहे ते कळलं नव्हतं. माझं लक्ष बिस्किटाच्या डब्याकडे होतं.

आता आमची पाळी.

मुलगा शिकागोजवळ नेपरव्हिलला असतो. पहिल्या वेळी निघायचं ठरलं तेव्हा मुंबईला वकिलातीत मुलाखत होती. आदल्या रात्री मुलाने फोनवरून शिकवणी घेतली: “बाबा, काय करणार असं विचारलं तर फिरायला जातोय म्हणा. नातवाला सांभाळायला जातोय असं चुकूनही तोंडातून काढू नका. त्यांना ती नोकरी वाटेल.” मी चाळीस वर्षं मुलांना खरं बोलायला शिकवलं. त्या खिडकीपाशी, नायगारा बघायला जीव कसा आसुसला आहे, याचं वर्णन मी केलं. हिने तर नायगाऱ्याचा उच्चारही पाठ केला होता. (अजून पाहिलेला नाही. बाळाला सर्दी होती.) साहेब निदान कागदावर उघड लिहायचे, की सेवेला चाललो. आम्ही सेवेलाच चाललो होतो, पण पर्यटक म्हणून.

सामान तेवीस किलोच्या दोन बॅगा, माणशी. हिने यादी केली. नंदुरबारचं लाल तिखट: पथारीवर वाळलेली मिरची स्वतः निवडून, देठं काढून, समोर उभं राहून दळलेलं. सातपुड्यातलं आमचूर. बिबड्या, नागलीचे पापड, कळण्याचं पीठ. आणि नवापूरची तूरडाळ, पाच किलो. मी म्हणालो, “अगं, तिकडे डाळ मिळते.” ती म्हणाली, “मिळत असेल. ती ही नव्हे.” या युक्तिवादाला उत्तर नसतं. शिकागोच्या विमानतळावर जॅकेट घातलेला एक सरकारी कुत्रा आमच्या बॅगेपाशी आला. त्याने तिखटाच्या बाजूला नाक लावलं, दोनदा शिंकला आणि आपल्या साहेबाकडे अशा नजरेने पाहिलं की आजची हजेरी लागली, आता मला घरी न्या. आम्हाला सोडून देण्यात आलं.

आठ दिवसांनी मुलाने ‘पटेल ब्रदर्स’मध्ये नेलं. १९७४ साली शिकागोच्या डेव्हन अव्हेन्यूवर पटेल मंडळींनी एक दुकान काढलं, त्याची आता देशभर पिलावळ आहे. आत तूरडाळीची अख्खी भिंत होती. मी काही बोललो नाही. एक पाकीट उचललं आणि हिच्यासमोर धरलं. तिने ते उलटंपालटं करून पाहिलं आणि म्हणाली, “बघा, किती महाग!” अशा रीतीने आमची पाच किलो डाळ न्याय्य ठरली. मडमसाहेबांच्या शेंगदाण्याच्या डब्यामागेही असंच काहीतरी शास्त्र असणार.

नातू तीन वर्षांचा. जन्मापासून रोज आम्हाला फोनवर बघत आलेला. तिकडे सकाळ तेव्हा आमच्याकडे रात्र, साडेदहा-साडेअकरा तासांचा फरक. त्यामुळे ओळख पक्की होती, फक्त आकाराने हातभर. विमानतळावर मी समोर उभा राहिलो तेव्हा तो वरपासून खालपर्यंत बघत गेला आणि आईला म्हणाला, “आजोबांना पाय आहेत!”

त्या पायांचं पुढे काय झालं ते विचारू नका. सकाळी त्याला तयार करून शाळेच्या पिवळ्या इमारतीपर्यंत चालत सोडायचं. दुपारी आणायचं. कचरा तीन रंगांच्या डब्यांत घालायचा. कपडे मशीनमध्ये, भांडी मशीनमध्ये, आणि त्या मशीनमध्ये घालण्यापूर्वी भांडी हाताने धुवायची. हे कोडं मला सुटलेलं नाही. शनिवारी-रविवारी मुलगा-सून आम्हाला ‘विश्रांती’ द्यायचे, म्हणजे चार तास गाडीत बसवून काहीतरी बघायला न्यायचे. मधूनच कुणाच्या तरी घरी जेवण. तिथे इतर मुलांचे इतर आईबाप भेटायचे. प्रत्येकाची ओळख दोन प्रश्नांत पूर्ण व्हायची: कधी आलात, आणि कधीपर्यंत आहात? कैदीसुद्धा एकमेकांना हेच विचारत असावेत.

एक दिवस नातवाच्या शाळेत आजीआजोबांचा दिवस होता. मला भारताविषयी पाच मिनिटं बोलायला सांगितलं. साहेबांची बैलगाडी आठवली. मी तयारी करून गेलो. सांगितलं, की भारतातलं पहिलं आधार कार्ड आमच्या जिल्ह्यात, टेंभलीला दिलं गेलं, २९ सप्टेंबर २०१० रोजी. मुलांवर काही परिणाम झाला नाही. एकाने विचारलं, “तुमच्या घरी हत्ती आहे का?” मी म्हणालो, हत्ती नाही, पण आमच्याकडे सारंगखेड्याला दत्तजयंतीला घोड्यांची मोठी यात्रा भरते. “मग तुमच्याकडे घोडा होता का?” मी खरं ते सांगितलं: “नाही. माझ्याकडे लुना होती.” वर्गात एकदम शांतता पसरली. शिक्षिकेनेसुद्धा तोंडावर हात ठेवला. लुना म्हणजे चंद्र, हे मला घरी आल्यावर सुनेने सांगितलं. त्या वर्गात मी अजूनही चंद्र बाळगणारा म्हातारा म्हणून प्रसिद्ध आहे.

मग तो शोध लागला. नेपरव्हिलपासून गाडीने वीस-पंचवीस मिनिटांवर व्हीटन नावाचं गाव आहे. फ्रान्सनच्या मिशनने १९४९मध्ये नाव बदललं, ‘दी इव्हॅन्जेलिकल अलायन्स मिशन’ केलं, आणि पुढे त्याचं मुख्य ठाणं शिकागोतून हलून या व्हीटनच्या परिसरात आलं. तिथल्या कॉलेजात जगभरच्या मिशनऱ्यांच्या पत्रांचा आणि कागदांचा मोठा संग्रह आहे. म्हणजे आमच्या चिंचपाड्याच्या बंगल्यातून ज्या मिशनला पत्रं जायची, त्याच्या ठाण्याशेजारच्या गावात माझा मुलगा संगणकावर बसतो! साहेब तिथून इथे आले, आमचा इथून तिथे गेला. मधल्या काळात कुणी बदलीचा अर्जही केला नव्हता.

मी हट्टाने व्हीटनला गेलो. स्वच्छ फुटपाथ, मोठी झाडं, बाकांवर पांढऱ्या केसांच्या बायका. मला प्रत्येकीत मडमसाहेब दिसायला लागल्या. त्या असत्या तर एकशेवीसच्या घरात गेल्या असत्या, हा हिशेब त्या क्षणी डोक्यात येत नाही. शेवटी धीर करून एका बाईंजवळ गेलो, वाकलो आणि आदराने म्हणालो, “नवापूर?” बाईंनी पर्स घट्ट धरली आणि म्हणाल्या, “नो, थँक यू.” ही दुरूनच बघत होती. गाडीत बसल्यावर एवढंच म्हणाली, “निदान बिस्किट तरी मागायचं.”

जस्टिन अ‍ॅबट या गृहस्थांची मला तिथे फार आठवण झाली. हे अमेरिकन मराठी मिशनच्या घराण्यातले. त्यांचे वडीलही त्याच मिशनचे मिशनरी होते. अनेक वर्षं इकडे काम करून हे न्यू जर्सीतल्या समिट नावाच्या गावी निवृत्त झाले. आपल्या घरी, आपल्या माणसांत. आणि तिथे बसून केलं काय, तर महिपतीच्या संतचरित्रांचं इंग्रजी केलं. एकनाथ, तुकाराम, बहिणाबाई, अशी मराठी संतांवरची एकेक पुस्तकं १९२६पासून निघत गेली, १९३२मध्ये ते जाईपर्यंत आणि त्यानंतरही. हिंदू संत शोधायला आलेला हा माणूस नव्हे. उलट्या कामासाठीच आला होता. पण घरी गेल्यावर पंढरपूरची वाट धरली. मी नेपरव्हिलच्या बैठकीत पहाटे साडेचारला उठून नंदुरबारचे मिरचीचे भाव फोनवर बघायचो. माझ्याकडे मिरची नाही, शेती नाही. पण आवक किती झाली हे कळल्याशिवाय चहा गोड लागत नसे. अ‍ॅबटसाहेबांच्या पंक्तीला मी बसू नये हे खरंच, पण आजार तोच.

आमच्या मुलाच्या घरासमोर एक निवृत्त जोडपं राहायचं. बाई बागेत भेटायच्या. मे महिन्यात त्यांच्या दारात मोठमोठ्या बॅगा दिसल्या. ट्रंका ओळखायला मला वेळ लागत नाही. विचारलं तर म्हणाल्या, मिशनवर चाललोय. ते मॉर्मन पंथाचे. त्यांच्यात अठरा-एकोणीस वर्षांची पोरं दारोदार फिरतात हे आपण सिनेमात पाहतो, पण नोकरीतून निवृत्त झालेली जोडपीही स्वखर्चाने सहा महिन्यांपासून तेवीस महिन्यांपर्यंत सेवेला जातात. त्यांना ‘सीनियर कपल’ म्हणतात. हे दोघं फिलिपाइन्सला निघाले होते. मी कौतुक केलं. तेवढ्यात त्यांची मुलगी दोन लहान पोरं घेऊन आली, चेहरा उतरलेला. आई-वडील देवाच्या कामाला चालले म्हणून अभिमान होता, पण पोरांना बुधवार-शुक्रवार कोण बघणार, हा प्रश्न तिने देवासाठी राखून ठेवलेला दिसला. तिने आमच्याकडे पाहिलं. आमच्या नातवाकडे पाहिलं. मग सुनेकडे वळून विचारलं, “हे तुम्हाला कुठून मिळाले?”

रात्री मी हिला म्हणालो, “बघ, ते नातवंडं सोडून सेवेला निघाले आणि आपण सेवेला नातवंडांकडे आलो.” ती म्हणाली, “त्यांना भांडी घासायला लागतात का तिकडे?” मी म्हणालो, माहीत नाही. “मग आधी ते विचारा.”

ऑक्टोबरात परत आलो. मुंबई, सुरत आणि मग तापीकाठची ती ओळखीची गाडी. नवापूरला उतरल्यावर त्याच वाटणीच्या बाकावर टेकलो. ही गुजरातेत, मी महाराष्ट्रात, बॅगा सीमेवर. चार भाषांतून घोषणा चालू होती आणि चारही कळत होत्या, याचंच मला सहा महिन्यांनी अप्रूप वाटलं. दोंडाईच्याकडचा एक ओळखीचा रिक्षावाला धावत आला. “मास्तर! कवय उनात?” मी सांगितलं, आत्ताच. त्याने बॅग उचलली आणि दुसरा प्रश्न टाकला, “आते कवय जाशात?” घराचं कुलूप अजून उघडायचं होतं.

आठवडाभर मी बिघडलेलाच होतो. रस्ता ओलांडताना वाहनं थांबतील अशी वाट बघत उभा राहायचो. एकदा वीस मिनिटं उभा होतो. भाजीवालीला ‘सॉरी’ म्हणालो, तर तिने दोन रुपये कमी केले. मग ज्येष्ठ नागरिकांच्या सभेत माझं ‘अमेरिका: एक अनुभव’ ठेवलं. फोन टीव्हीला जोडून फोटो दाखवले. मुलाचं घर, बर्फ नसलेलं अंगण, पिवळी शाळा, तीन रंगांचे डबे. एक फोटो आडवा आला आणि मुलाची गाडी भिंतीवर चढल्यासारखी दिसली. मागून हवालदार हळहळले, “अपघात झाला का हो?” निधी मात्र जमला नाही. उलट चहाचा खर्च माझ्याकडे आला.

साहेब-मडमसाहेब शेवटचे गेले तेव्हाही असंच काहीतरी सांगून गेले असतील. पुढे परदेशी मिशनऱ्यांना व्हिसा मिळणंच दुर्मीळ झालं. १९४०च्या दशकात सुरू झालेला चिंचपाड्याचा मिशनचा दवाखाना इथल्याच डॉक्टरांच्या हाती आला, आणि आज तो इमॅन्युएल हॉस्पिटल असोसिएशनकडे आहे. जाण्याआधी बंगल्यातल्या सामानाची विक्री झाली. शिलाई मशीन सोनगडच्या कुणीतरी नेलं. बाजाची पेटी कुणी नेली आठवत नाही. माझ्या वडिलांनी सात रुपयांना एक काळी ट्रंक घेतली. साहेब फुकट देत होते, वडील घेईनात. पंडिताचा मान आडवा आला. ती अजून आमच्याकडे आहे. गोधड्या, जुने स्वेटर आणि घरातल्या कुणालाच नको पण टाकवत नाही असं सगळं त्यात असतं.

मुलाचा परवा फोन आला. दुसरं बाळ होणार आहे, मार्चमध्ये. ही फोन ठेवायच्या आधीच मिरचीवाल्याशी बोलायला उठली. कालपासून बैठकीत बॅगा मांडल्यात. काट्याला लटकवून वजन केलं: पंचवीस किलो चारशे. “दोन-अडीच किलो काढायला हवं,” मी म्हणालो.

तिने बॅग उघडली. तिखटाच्या पिशवीवरून हात फिरवला आणि ती तशीच ठेवली. आमचूर उचललं, हुंगलं, परत ठेवलं. डाळीकडे बराच वेळ पाहिलं. मग कोपऱ्यातून माझे दोन स्वेटर, माझी पुस्तकं आणि माझी जाड शाल काढली, काळ्या ट्रंकेचं झाकण उघडलं आणि सगळं आत टाकलं. झाकण मिटल्यावर तिने त्यावरची धूळ पदराने पुसली. चिठ्ठीची अक्षरं फिकी झालीत, पण चष्मा लावला की अजून वाचता येतात: नॉट वाँटेड ऑन व्हॉयेज.